बुसानला, श्रावणात

बुसानच्या सहलीच्या तारखा रजेच्या सोयीने ठरल्या, असे मी घरात सर्वांना सांगितले होते. ते खरे नव्हते. त्या तारखा मी सूड उगवण्यासाठी निवडल्या होत्या, आणि ही गोष्ट कित्येक महिने मी बायकोलाही कळू दिली नाही.

सूड माझ्या थोरल्या भावावर उगवायचा होता. दादा खालापूरच्या बाजूला आमच्या मूळ गावी राहतो, मी नोकरीपासून कर्जतला. लेकीचे लग्न ठरल्यावर मी व्याह्यांना जिताड्याचे जेवण घातले होते. मासा मी स्वतः पेणला जाऊन निवडून आणला होता. पंगत बसली, व्याह्यांनी चवीची तारीफ केली, आणि शेजारी बसलेला दादा सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "याला काय इचारता जिताड्याचं? आमच्या घरात मधली तुकडी माझी आन् शेपूट याचं. आजून शेपटीवरच हाय बिचारा."

पंगत हसली. मीही हसलो, आणि वाढायला वाकलो. त्यानंतर व्याही भेटले की "काय शेपूटराव" म्हणू लागले. प्रेमानेच म्हणत. मी प्रत्येक वेळी हसत असे आणि प्रत्येक वेळी दादाचे ते वाक्य त्याच्याच आवाजात मला पुन्हा ऐकू येत असे.

पुढे वहिनी गेल्या. त्या गेल्या तो महिना श्रावणाचा होता. ज्या माणसाला मासळीवाचून घास उतरत नसे, त्याने तेव्हापासून श्रावण पाळायला सुरुवात केली. कोणी आग्रह केला तर तो एवढेच म्हणे, "तिचा महिना हाय." त्या महिन्यात मासळीचे पातेले ज्या चुलीवर चढले तिच्यावरचा चहादेखील तो घेत नसे. मी श्रावण केव्हाच सोडला होता.

कोरियाचे वेड माझ्या लेकीचे. तिथल्या मालिका पाहून पाहून तिने बुसान हे समुद्रकाठचे शहर नक्की केले. पाच दिवस, ती, जावई, आम्ही दोघे आणि दादा. गेल्या दिवाळीत आम्ही दादाच्या ओटीवर बसून बेत आखला. तिथे एक मासळीबाजार आहे. खाली टाकीतला जिवंत मासा आपण बोटाने दाखवायचा, आणि वरच्या मजल्यावर तो शिजवून आपल्यापुढे येतो. लेकीने मोबाइलवर ते दाखवले, तेव्हा दादाने चष्मा पुसून तीच चित्रफीत पुन्हा लावायला सांगितली. तिथे आमच्या खाडीतली चिवणी मासळी मिळते का, हा त्याचा पहिला प्रश्न होता. मिळत नसेल तर कोरियाची लोकं बिचारी, असे म्हणून तो बराच वेळ स्वतःशी हसत राहिला.

त्याच क्षणी मला सुचले.

लेकीला ऑक्टोबर हवा होता. हवा चांगली असते म्हणे. मी ऑगस्टचा शेवटचा आठवडा पुढे केला. तिने वादळांची भीती घातली, मी कार्यालयातल्या कामाची सबब सांगितली. दादा बोटांवर हिशेब करू लागला. आमच्याकडे जुनी माणसे असाच अंदाज बांधतात: सण दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतात. त्या हिशेबाने ऑगस्टअखेर श्रावण सरलेला आणि गणपतीही गेलेले. हा हिशेब फक्त अधिक महिना आला की चुकतो, आणि दादाला ते ठाऊक होते.

"म्होरल्या साली अधिक तर नाय ना येत रं?" त्याने मला विचारले. घरात पंचांग कळणारा मीच.

येत्या उन्हाळ्यात अधिक ज्येष्ठ होता. श्रावण जवळजवळ महिनाभर पुढे सरकणार होता आणि आमचे पाचही दिवस त्याच्या ऐन मध्यावर पडणार होते. मी दोन दिवस आधीच पाहून ठेवले होते. बेताची बोलणी कोणत्या वळणावर जातील हे मला माहीत नव्हते, तरी पाहून ठेवले होते. यावरून माझ्या मनाची काय अवस्था होती, हे आता मला कळते.

"नाही येत," मी म्हणालो. माझा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

तिकिटेही मी अशी निवडली की त्यांत पुढे बदल करता येऊ नये. त्या थंडीत मी जितका सुखी होतो तितका क्वचितच झालो असेन. दर रविवारी मी खालापूरला जात असे आणि दादाची भूक चेतवत असे. त्याला भाजलेले शिंपले दाखवले, माकुळासारखा दिसणारा वळवळता जीव दाखवला, माशाच्या पिठीच्या गरम कांड्या दाखवल्या. तो बांबूच्या दोन काड्यांनी उकडलेल्या शेंगा उचलण्याचा सराव करी. काडीतून शेंग निसटली की मला शिव्या घाली. मी त्याच्याकडे पाहत असे आणि मनात ते टेबल मांडत असे: आमच्यापुढे वाफाळता मासा, त्याच्यापुढे कोरड्या भाताची वाटी. लेकीने तिथल्या बौद्ध मठांत शाकाहारी जेवण मिळते असे एकदा सांगितले. ते ठिकाण मी वेळेचे कारण सांगून बेतातून वगळले.

जानेवारीत दादाच्या घरी नवे कॅलेंडर लागले. त्याचा मुलगा ते चाळत होता. ऑगस्टच्या पानावर ऐन सहलीच्या दिवसांत श्रावण दिसताच तो थांबला आणि मोठ्याने हसला. मी तिथेच होतो. मी चेहऱ्यावर आश्चर्य आणले. लेक फोनवर रडकुंडीला आली. माझ्याकडून असे कसे झाले, असे ती विचारू लागली. उत्तरासाठी मी तोंड उघडले, पण दादाने फोन स्वतःकडे घेतला.

"तुझ्या बापाला बोलू नको गं. त्यानं इचारलं व्हतं मला. मीच बोटं मोजून सांगितलं, सरंल म्हून. माझीच चूक."

त्याने विचारले होते; मी नव्हे. हे त्याला पक्के आठवत असणार, कारण बोलताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही. माझ्या लेकीसमोर मला खाली पाहावे लागू नये म्हणून त्याने अज्ञान स्वतःवर घेतले, इतकेच. माझ्या मनात अज्ञानाहून वाईट काही असेल, हे त्याला सुचलेही नव्हते.

तरीही मी गप्प राहिलो. दादाची फजिती मला गोड लागत होती, हे मान्य करायला हवे. चार महिने घरात त्याची थट्टा चालली. मुलगा म्हणे, "बाबा, तुमी तिथं मासे मोजा फकस्त, बोटांवर." सून हसे. दादाही हसे. मान जराशी खाली घालून, हातातल्या वस्तूकडे पाहत, इतरांपेक्षा अर्धा क्षण उशिरा. ते हसणे मी ओळखत होतो. मी वर्षानुवर्षे तसाच हसत आलो होतो.

व्हिसाचे कागद भरायला मे महिन्यात सर्व जण त्याच्या ओटीवर जमलो. त्याने आपला पासपोर्ट पुढे केलाच नाही. तो येणार नव्हता.

"तुमी जावा. माझ्यासाठी तुमचं तोंड कशाला बांधू? तिच्या महिन्यात घरी बसलेला बरा."

मुलगा म्हणाला, बाबांना हिशेब जमला असता तर ही वेळच आली नसती. पुन्हा सगळे हसले. दादा हसायच्या आत मी उठून उभा राहिलो. जिताड्याच्या पंगतीचा उल्लेख करायचा नाही, एवढे मी मनाशी ठरवले; तो केला असता तर माफीची फिर्याद झाली असती.

"दादाचा हिशेब चुकला नाही," मी लेकीकडे, पुतण्याकडे पाहून म्हणालो. "त्याने मला अधिक महिन्याचं विचारलं होतं. मला माहीत होतं, आणि मी नाही म्हणालो. तो तिथे उपाशी बसावा म्हणून." मग त्याच्याकडे वळलो. "दादा, मी वहिनींच्या महिन्याचा वापर केला. मुद्दाम केला. मला माफ कर."