बोटीवरचं अंथरूण

आधी एक गोष्ट स्वच्छ करते. आम्ही हरवलो नव्हतो. गल्लीत जी ती बाई मला गाठते आणि गालातल्या गालात हसत विचारते, काय हो, बोटीवर म्हणे तुम्ही दोघी बहिणी हरवला होतात? हरवायला आम्ही काय छत्र्या आहोत? आम्ही बोटीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, मागच्या बाजूला, लांब खुर्च्यांवर पाय पसरून पडलो होतो. घरी कुणाला चहा मिळाला, कुणाचा डबा राहिला, याची काडीचीही चिंता नव्हती. याला हरवणं म्हणत असतील तर मला रोज हरवायला आवडेल.

हे सगळं माझ्या ताईमुळे झालं, म्हणून तिच्याबद्दल सांगते. मी बसमध्ये कंडक्टर होते. माझं आयुष्य ओरडण्यात गेलं. ताई माझ्या अगदी उलट. ती सरकारी दवाखान्यात आया होती, आणि तिचं आयुष्य चादरी घालण्यात गेलं. चादर तीही घालते आणि तुम्ही आम्हीही घालतो, पण तिची घातलेली खाट बघावी. चारी कोपरे आत दुमडलेले, मधे एक सुरकुती नाही, उशी अशी ठेवलेली की तिच्यावर कधी कुणी डोकं टेकलंय असं वाटूच नये. वॉर्डात तिला सगळे इस्त्रीताई म्हणायचे. एकदा मी तिला म्हटलं, अगं, इतकं कशाला? ती म्हणाली, वॉर्डात खाट ताठ दिसली की समजायचं, पेशंट गेला. एक तर घरी, नाही तर वर. दुसऱ्याला ती खाट द्यायची असते ना, मग आधीच्याची खूण कशाला ठेवायची?

दवाखान्यात हे ठीक आहे. पण हीच सवय तिनं घरी आणली, आणि घरच्यांना ती फार सोयीची पडली.

घर ताईचं. तिनं आणि भाऊजींनी पोटाला चिमटा घेऊन बांधलेलं. भाऊजी गेले आणि चिरंजीवांनी, म्हणजे माझ्या भाच्यानं, गोड बोलून तिची खोली घेतली. आई, तू एकटीच आता, तुला हॉलमधला दिवाण पुरे, मला ऑफिसचं काम घरून करायला जागा लागते. काम किती झालं देव जाणे. खोलीत एक चालायचं मशीन आलं, त्यावर कुणी चाललेलं मी पाहिलं नाही. त्यावर टॉवेल मात्र छान वाळायचे. आणि माझी बहीण हॉलमध्ये, टीव्ही बंद झाला की आडवी व्हायची आणि घर उठायच्या आत अंथरूण गुंडाळून दिवाणाच्या पोटात कोंबायची. वर सूनबाईंनी आणलेल्या फुलाफुलांच्या उशा. सकाळी दार उघडून कुणी आलं तर या घरात एक म्हातारी राहते हे शपथेवर सांगूनही पटलं नसतं. चष्मासुद्धा ती पर्समध्ये ठेवायची.

तिनं एकदा खोली मागितली होती. भाचा म्हणाला, बघू. त्या 'बघू'ला मुळं फुटली, पालवी आली, तरी काही हालचाल नाही. मी भांडायला निघाले तर ताईनंच मला दारात अडवलं. राहू दे, म्हणाली, माझी काही तक्रार नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तक्रार नाही म्हणे! तक्रार करायची तिला सवय नव्हती, एवढंच.

आणि अशी ही बाई एक दिवस माझ्या घरी आली, पायातल्या चपला न काढताच म्हणाली, बारके, आपण बोटीवर जायचं. कुठल्याशा सहलीच्या ऑफिसच्या काचेत तिनं फोटो पाहिला होता. समुद्र नाही, बोट नाही, तिनं काय पाहिलं असेल? केबिनमधला पलंग. त्याच्या बाजूला गोल खिडकी, आणि दाराला आतून कडी. मी एका पायावर तयार झाले.

घरात मात्र भूकंप. या वयात? समुद्रावर? उलट्या झाल्या तर? नातीला शाळेतून कोण आणणार? हा शेवटचा प्रश्न खरा, बाकीचे त्याचे पाहुणे. ताई म्हणाली, माझ्या पेन्शनीतून जातेय, तिकीट काढून झालंय. मग भाच्यानं आवाज खाली आणला. ठीक आहे, जा म्हणाला, पण तिकडे काही घोटाळा झाला तर पुन्हा कुठलाच हट्ट करायचा नाहीस. खोलीचाही नाही. ताई बरं म्हणाली. मी मनात म्हटलं, बाई, तू आता जुगारात खोली लावून बसलीस.

बोटीबद्दल काय सांगू? लोक विचारतात, काय पाहिलंत? अहो, पाणी पाहिलं. पण पहिल्या सकाळी ताईनं पडदा सरकवला आणि त्या गोल खिडकीभर नुसतं पाणी, तेव्हा आम्ही दोघी त्या काचेला नाक लावून लहान पोरींसारख्या उभ्या राहिलो. जेवायला जावं तर केव्हाही जावं, कुणी विचारत नाही आत्ता कसली भूक. पहिल्याच जेवणानंतर ताई ताट उचलून विसळायची जागा शोधत निघाली, तिला मी हाताला धरून आणली. सुरक्षेची कवायत असते तिथं, सगळ्यांना गोळा करून फुगीर जाकिटं घालायला लावतात. जिन्यात गर्दी तुंबली तशी मी सवयीनं ओरडले, चला, पुढे सरका, मधे जागा आहे! आणि काय सांगू, परकी माणसं निमूट सरकली. संध्याकाळी बॅन्ड वाजायचा. दुसऱ्या संध्याकाळी ताईचा पाय खुर्चीखाली ताल धरत होता. मी पाहिलं, पण बोलले नाही. बोलले असते तर तिनं तो थांबवला असता.

आता ते प्रकरण. केबिन आवरायला एक माणूस होता, पन्नाशीचा, दोन मुलींचा बाप, मनानं फार चांगला. पहिल्या सकाळी तो आला तर आमचे दोन्ही पलंग ताठ. त्याला वाटलं, बाया पलंगावर न झोपता कुठं गप्पा मारत बसल्या असतील. दुसऱ्या सकाळी आला, पुन्हा तेच. ताईनं आमचे कपडे पेटीत, पेटी पलंगाखाली, न्हाणीघर पुसून कोरडं, साबणाची वडीसुद्धा कागदात परत गुंडाळून ठेवलेली. टॉवेल जसे आले तसे घडीत. चष्मा पर्समध्ये, पर्स खांद्याला. त्या बिचाऱ्यानं सगळीकडे पाहिलं. या केबिनमध्ये बोट सुटल्यापासून कुणी राहिल्याची एक खूण त्याला सापडली नाही. समुद्रात अशा गोष्टीचा अर्थ एकच होतो. त्यानं वर कळवलं.

मग बोटभर शोधाशोध. भोंग्यावरून आमची नावं पुकारली गेली म्हणे. आम्ही मागे, सकाळच्या सरावाला बसलेल्या बॅन्डच्या शेजारी. ऐकू काय येणार, कपाळ! तिकडे ऑफिसातल्या बाईनं तिकिटावर दिलेल्या नंबरावर फोन लावला, आणि तो नंबर चिरंजीवांचा.

आम्ही गार वाऱ्यात भरपूर बसून, गाणी गुणगुणत खाली आलो तर केबिनच्या दारात हा घोळका. तो आवरणारा माणूस आम्हाला पाहून भिंतीला टेकून मटकन खालीच बसला. ऑफिसातल्या बाईनं नीट, हळू आवाजात विचारलं, तुम्ही रात्री कुठे झोपता? ताई गोंधळली. इथंच, म्हणाली. मग हा पलंग? मी घातला, ताई म्हणाली, रोजच घालते. त्या माणसानं चादरीच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि तो ताईला जे म्हणाला ते मी विसरणार नाही.

"बाई, माझी नोकरी पलंग बघून माणूस ओळखायची आहे. तुम्ही मला दिसतच नाही."

ताईचा चेहरा उतरला. तिनं त्याची माफी मागितली. तो गेल्यावर ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली.

फोन आला तो तेवढ्यात. भाचा भडकलेला. घाबरला होता, तेही खरं, मी नाही म्हणणार नाही. पण भीती ओसरल्यावर त्यानं लगेच हिशेब चुकता केला. आई, तुला एकटं सोडण्यात अर्थ नाही. खोलीचं तर नावच काढू नकोस आता, बंद दाराआड तुला काही झालं तर कळणार कसं? हॉलमध्ये डोळ्यांसमोर असलेली बरी. मला ते सगळं बाजूला बसून ऐकू येत होतं, आणि अंगाचा नुसता तिळपापड होत होता. डोळ्यांसमोर! ताईनं फोन ठेवला. खोली गेली, असं मला वाटलं. ताईलाही वाटलं असावं, कारण ती बराच वेळ खिडकीतून पाहत राहिली.

पुढच्या सकाळी ती उठली, चादरीकडे हात गेला, आणि थांबला. तसाच पाय ओढत दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. तिला घाम फुटला होता, खोटं नाही सांगत. म्हणाली, बारके, मला ओढून बाहेर काढ. मी ओढून काढली. जेवून परत आलो तर पलंग नव्यानं घातलेला आणि वर त्या माणसानं टॉवेलाचा दुमडून केलेला एक हत्ती, सोंड वर करून बसलेला. ताई हसली. कशी हसली म्हणून सांगू, भाऊजी असताना हसायची तशी. उरलेल्या प्रत्येक सकाळी तिनं पलंग विस्कटलेला सोडला, आणि शेवटच्या सकाळी तर मुद्दाम उशी जमिनीवर टाकली. त्या माणसाकडून हत्ती करायलाही शिकून घेतला.

घरी आलो. आता खरी गंमत ऐका.

परतल्यावर पहिल्याच रविवारी भाच्याचे साहेब सपत्नीक चहाला येणार होते. सूनबाईंनी कपबश्या काढल्या, फुलाफुलांच्या उशा झटकल्या आणि दिवाणाकडे वळल्या. दिवाणावर ताई. अंथरूण पसरलेलं, पांघरूण गळ्यापर्यंत, डोळे उघडे. मी तिथंच होते. तिनं मला बोलावून घेतलं होतं, पण काय करणार आहे ते सांगितलं नव्हतं. आई, उठा ना, पाहुणे येतील. ताई म्हणाली, येऊ देत. भाचा आला, आधी लाडीगोडी, मग दातओठ. ताई हलली नाही. तो अंथरुणाला हात घालणार तेवढ्यात मी कंडक्टरी आवाजात म्हटलं, हात मागे! आणि बेल वाजली.

साहेब आणि त्यांच्या बाई दारात. समोर दिवाणावर एक म्हातारी झोपलेली. ताई कोपरावर उठली, हसली आणि म्हणाली, "या ना, बसा. ही माझी झोपायची खोली. दार नाही हिला, म्हणून तुम्हाला असंच यावं लागलं."

साहेब दारातच घुटमळले. त्यांच्या बाई मात्र सरळ येऊन ताईच्या पायाशी बसल्या आणि विचारपूस करू लागल्या. ताईनं त्यांना बोट सांगितली, खिडकी सांगितली, बॅन्ड सांगितला. चहा तिथंच प्यायली, पांघरुणात बसून. भाच्याच्या कानशिलांवर तुम्ही भाकरी भाजली असती.

पाहुणे गेल्यावर तो कडाडला. लाज आणलीस म्हणाला. बोटीवर हरवलीस तेव्हा माझा जीव कसा टांगणीला लागला होता, काही कल्पना आहे? ताईनं चष्मा काढला आणि ती म्हणाली,

"तिथं एका परक्या माणसाला मी दोन दिवस दिसले नाही, तर त्यानं बोट डोक्यावर घेतली. तुझ्या घरात, नाही, माझ्या घरात, मी भाऊ गेल्यापासून रोज सकाळी नाहीशी होते. तू एकदा तरी शोधलंस?"

भाऊ म्हणजे भाऊजी, आमच्याकडे सगळे त्यांना भाऊच म्हणायचे. भाचा उभा होता तसाच राहिला. सूनबाई उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि चालायच्या मशीनवरचे टॉवेल काढू लागल्या. मग तोही गेला. ते धूड दारातून निघेना, दोघांच्या नाकी नऊ आले. मी मधे सूचना देत होते. ताई मात्र दिवाणावर बसून बघत होती, हात मांडीवर, अजिबात मदत न करता.

आता तिची खोली तिची आहे. दाराला आतून कडी आहे, आणि ती ती लावते. परवा दुपारी मी गेले तर ती न्हाणीघरात होती. पलंगावर चादर गोळा झालेली, उशीला डोक्याचा खळगा, खळग्यात चष्मा, पायथ्याशी टॉवेलाचा एक वाकड्या सोंडेचा हत्ती. दिवसाचे दोन वाजलेले. माझेच हात शिवशिवले. म्हटलं, जरा नीट करून ठेवू, आणि चादरीचं टोक धरलं.

मागून ताई ओले हात पुसत आली.

"सोड ते," म्हणाली. "पेशंट अजून इथंच आहे."