खिशातली यादी

बैल घ्यायचा असला की आमच्या भागातले लोक मला सोबत नेतात. मी अहमदपूरला जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. त्याआधी बरीच वर्षं देवणीला होतो. लोक मला ‘डॉक्टर’ म्हणतात. मी डॉक्टर नाही हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि कुणी विचारलेलंही नाही. बाजारात माझा एकच मंत्र असतो. आपल्याला काय हवंय ते समोरच्याला कळू द्यायचं नाही. हव्या त्या बैलाकडे बघायचंसुद्धा नाही. भलत्याच बैलाच्या पाठीवर हात ठेवायचा, त्याला नावं ठेवायची, भाव पाडायचा आणि निघता निघता सहज विचारायचं, “बरं, तो कडेचा कसा?”

हा मंत्र घेऊन मी लेकीसाठी लॅपटॉप आणायला लातूरला गेलो.

लेक नांदेडला हॉस्टेलवर राहून कॉम्प्युटरचं शिकते. बारावीनंतर मेडिकलच्या क्लासला न जाता ‘मी प्रोग्रॅमिंग शिकणार’ असं तिनं जाहीर केलं, तेव्हा आमच्या पाहुण्यारावळ्यांत दोन दिवस कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. लातूरच्या पट्ट्यात असं बोलणं म्हणजे जेवणाच्या पंगतीत ‘मला भूक नाही’ म्हणण्यासारखं आहे. मी मात्र तिच्या बाजूनं उभा राहिलो. उभं राहायला काही लागत नाही. लॅपटॉप लागतो हे नंतर कळलं.

कॉलेजात दोघींत एक कॉम्प्युटर. तिची जोडीदारीण हाताची चपळ. “ती टाइप करते, मी बघते,” लेक फोनवर म्हणाली. “पोहणं काठावर बसून शिकायलेय मी, पप्पा.” दिवाळीनंतर प्रॅक्टिकलची परीक्षा होती आणि तिथं प्रत्येकीला एकटीनं बसायचं होतं.

तिनं एका कागदावर यादी करून दिली. रॅम आठच्या खाली नको, पुढं वाढवता यायला पाहिजे. एसएसडी पाहिजे. कीबोर्ड चांगला. जुना चालेल. शेवटी लिहिलं होतं, ‘दिसायला कसाही.’ तीस हजारांच्या वर जायचं नाही, हे तिनंच खाली दोन रेघा मारून बजावलं होतं.

“मी रविवारी येते, सोबत जाऊ,” ती म्हणाली.

“तू कशापायी एसटीचे धक्के खातेस?” मी म्हणालो. खरं कारण वेगळं होतं. बाजारात लेकरू सोबत असलं की ते नेमकं हव्या त्या बैलाकडे बोट दाखवतं.

लातूरचं दुकान काचेचं आणि गारेगार. गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी पुढं आली. “कशासाठी पाहिजे, सर? ऑफिस, शिक्षण, गेमिंग?”

“असंच. बघायलोय.”

यादी मी एसटीत दोनदा वाचली होती. कडेला ठेवलेला काळा, जाडसर लॅपटॉप त्या यादीत बसेल असं वाटलं, म्हणून मी ताबडतोब त्याच्याकडे पाठ केली. समोर एक सोनेरी होता, पापडासारखा. त्याच्यावर हात ठेवला.

“लई बारीक हाय हा. हाडं दिसायलीत.”

“स्लिम आहे, सर.”

“ओझं ओढील का?”

“सगळं चालतं, सर, याच्यावर.”

मी भाव विचारला, तोंड वाकडं केलं आणि दाराकडे निघालो. तिनं भाव उतरवला. पुन्हा निघालो, तिनं बॅग आणि माउस दिला. तिसऱ्यांदा दाराच्या मुठीवर हात ठेवला तेव्हा ती आत मालकाला विचारून आली आणि आणखी उतरली. वर कानाला लावायचे हेडफोन. आजवरच्या नोकरीत इतका भाव मी कुठल्या बैलाचा पाडला नव्हता. आता ‘बरं, तो कडेचा कसा?’ एवढंच विचारायचं होतं. पण एवढी जिंकलेली लढाई अशी टाकून द्यायची? मी सोनेरी घेतला. कागद खिशातच राहिला. दुकानात तो काढला असता तर मला काय हवंय ते त्यांना कळलं असतं.

घरी बायकोनं खोका उघडला. “सोनेरी?”

“लई स्वस्तात मिळाला.”

“मिळाला का दिला?”

शनिवारी लेक आली. लॅपटॉप सुरू केला, तिचं प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर टाकलं आणि ते उघडायला सांगून आम्ही चहा ठेवला. चहा उकळला, गाळला, पिऊन झाला. पडद्यावर एक गोल फिरतच होता, घाण्याला जुंपल्यासारखा.

“रॅम चार आहे,” ती म्हणाली. “आणि वाढवता येत नाही, आत चिकटवलेली असते. पप्पा, यादी दिली होती ना?”

मी खिशातून कागद काढून तिच्या हातात ठेवला. घामानं मऊ झाला होता, पण अक्षर शाबूत होतं. तिनं तो घडी घालून आपल्या पर्समध्ये ठेवला.

लातूरच्या दुकानात फोन केला. बिल झालं की परत नाही, म्हणाले. दाताची खात्री करून घेतलेला बैल तर मीही कुणाला परत करू देत नाही.

पुढच्या आठवड्यात लेक आणि मी सोनेरी घेऊन नांदेडला, स्टेशनकडच्या गल्लीत एका चाचांकडे गेलो. कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप ते दुरुस्त करून विकतात, आणि बदल्यात दुसरा ठेवूनही घेतात. गल्लीच्या तोंडाशी मी लेकीला मंत्र सांगितला. तिनं मान हलवली, आत गेली, टेबलावर तोच कागद पसरला आणि म्हणाली, “चाचा, मला हे पाहिजे. पैसे एवढेच आहेत. आणि बदल्यात हा द्यायचाय.”

मी घाईनं कागदावर हात ठेवायला गेलो, तोवर चाचांनी तो उचलला होता.

चाचांनी चष्मा लावून कागद वाचला. “असं खुलं बोलणारं गिऱ्हाईक कमी येतं, बेटी. नाहीतर लोक हमको आजमाते बैठते.” मग त्यांनी सोनेरी उचलला, उलटा करून पाहिला. गाभण म्हणून विकलेली भाकड गाय मी जशी पाहतो, तशा नजरेनं. “हा कुणी घेतला?”

लेकीनं माझ्याकडे पाहिलं नाही. “एका ओळखीच्यांनी.”

“त्यांना सांगा, पुढच्या टायमाला पोरीला संगट न्या.”

“सांगतो,” मी म्हणालो.

बदल्यात बराच तोटा झाला. वरचे पैसे मी घातले, तेवढा माझा हक्कच होता. चाचांनी काळा, जाडसर, कोपरे झिजलेला एक लॅपटॉप काढला. लेकीनं पेन ड्राइव्हवरून आपला प्रोग्रॅम त्यावर टाकला, चालवला, सोबत आणखी चार-पाच गोष्टी उघडल्या, वायर काढली आणि अर्धा तास बॅटरी किती उतरते ते बघत बसली. शिंगाला तेल लावलेलं बघू नका, औताला जुंपून बघा, असं मी वीस वर्षं लोकांना सांगतोय. त्या दिवशी मी फक्त स्टुलावर बसून चहा घेत होतो.

परीक्षेत ती पास झाली. मार्क बरे पडले. ‘थोडे गेले, पण सगळं मीच टाइप केलं,’ असं तिनं कळवलं.

सुट्टीला आली तेव्हा तिनं स्वतः लिहिलेला एक प्रोग्रॅम मला चालवायला दिला. लॅपटॉप घेणाऱ्यांसाठी होता. पडद्यावर प्रश्न यायचे, आपण टाइप करायचं. काम काय? बजेट किती? मी एका बोटानं उत्तरं दिली. तिसरा प्रश्न आला, ‘यादी दुकानात दाखवली का?’ शेजारी बायको वाचत उभी होती, त्यामुळं मला खरं लिहावं लागलं. ‘नाही’ टाइप केलं.

क्षणात उत्तर आलं: ‘मग घरी जा.’

“बरोबर चालायलाय की,” बायको म्हणाली.