भिंतीकडं तोंड केलेलं ताट

शालन गेल्याचा फोन आला तेव्हा मी मागच्या खोलीत तिचं ताट शोधत होते. दवाखान्यातून दोन दिवसांत घरी सोडतील, असं हे म्हणाले होते... फोन ठेवला आणि ताट दिसलं. नेहमीच्या जागी, भिंतीकडं तोंड करून टेकवलेलं. ओलं होतं. शालन तर कधीची दवाखान्यात होती.

शालन माझी धाकटी नणंद. आमचं घर कोल्हापुरातल्या पेठेतलं, तरी सासूबाईंनी राधानगरीकडची रीत सोडली नव्हती. पाळी आली की मागच्या खोलीत बाजूला बसायचं, ताट-तांब्या वेगळा. जेवण झालं की शालन ताट विसळून भिंतीकडं वळवून ठेवायची. "त्याला पण लाज वाटती गं," म्हणून हसायची.

तिचं कॉलेज संपलं त्या वर्षी ती वरचेवर बाजूला बसू लागली. अंगानं वाळत चाललेली. एकदा कपडे वाळत घालताना मी हटकलं, तर हळूच म्हणाली, "पाळी कुठली, वैनी? दिवाळीपासनं पत्ताच न्हाय. संडासवाटं रक्त पडतंय. कपड्याला लागलं की आई विचारती. कावळा शिवला म्हटलं की गप बसती... आणि मागच्या खोलीतनं संडास तरी जवळ हाय की."

तेव्हा बिद्रीकडचं स्थळ आलेलं. मी म्हटलं, लग्न होऊ दे, मग बघू. पुढं अशक्तपणा वाढला म्हणून आम्ही तिला डॉक्टरांकडं नेलं. सासूबाई शेजारीच बसलेल्या. डॉक्टरांनी शालनला विचारलं, "पाळी नियमित येते?" ती तोंड उघडणार, तोच मी म्हणाले, "अगदी नियमित." सासूबाईंनी मान डोलावली. डॉक्टरांनी रक्तवाढीचं टॉनिक दिलं. रिक्षात शालन माझ्या कानाशी म्हणाली, "माझी पाळी तुलाच जास्त ठाऊक, न्हाय का?" पुन्हा त्यावर कधीच बोलली नाही. स्थळ तर मोडलंच. पोरगी खंगलेली दिसती म्हणाले.

आतड्याला जुनाट सूज आहे, हे कळायला मग काही वर्षं गेली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार उसळला, वजन आणि रक्त घटलं, की पाळी लांबते, कधी थांबतेही. आणि येते तेव्हा पोटाचा त्रास वाढू शकतो. "पाळी थांबल्याचं तेव्हाच कुणी सांगितलं असतं, तर मूळ लवकर शोधलं असतं." शालननं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. लवकर कळून ती वाचली असती का? माहीत नाही... ह्याच दोन शब्दांआड मी इतकी वर्षं राहिले.

सासूबाई केव्हाच गेल्या. आता घरात हे आणि मी. ह्यांनी जन्मात ताट विसळलेलं नाही. तरी ते ताट मधूनमधून ओलं सापडतं. मी पुसते, तोंड इकडं करते. सकाळी पुन्हा भिंतीकडं. हे म्हणतात, "गळत असंल कुठंतरी." छताला ओल नाही.

परवा मी ते ताट स्वयंपाकघरात आणलं. इथं ते कधी आलं नव्हतं. त्यात आमटी-भात वाढून घेतला आणि समोरच्या रिकाम्या पाटाकडं बघून मोठ्यानं सांगितलं, "नाही डॉक्टर, पाळी येत नव्हती तिची. मला ठाऊक होतं." जेवले, ताट विसळलं, मांडणीत बाकीच्यांबरोबर लावलं.

सकाळी पाहिलं, तर घरातली सगळी ताटं भिंतीकडं तोंड करून उभी... शालनचं तेवढं माझ्याकडं बघत होतं. कोरडं.