मापाची पिशवी

सकाळी साडेसातला आमच्या घरात कुणाला कुणाशी धड बोलायला वेळ नसतो. हे अर्धी दाढी करून मोजे शोधत होते, आणि मी चहा गाळता गाळता एक डोळा दुधाच्या पातेल्यावर ठेवून होते. दूध शेळीचं. तीन दिवसांपासून नणंदबाई रोज जास्तीचं पाठवत होत्या आणि आम्ही खुशाल पीत होतो. तेवढ्यात दार वाजलं, हाताने नव्हे, पायाने.

दारात ताई, म्हणजे नणंदबाईच होत्या. गळ्यात मोजपट्टी, पदराला टोचलेली सुई आणि दोन्ही हातांवर एक करडू, पिळून टाकलेल्या टॉवेलसारखं लोंबणारं.

"हे उठत नाहीये," त्या म्हणाल्या. "आणि तुझा नवरा घरात असेल तर हळू बोल."

हळू बोलण्याला कारण होतं. आमच्या सासऱ्यांचं मांडीचं हाड मोडलं, तेव्हा गल्लीपलीकडच्या त्यांच्या जमिनीच्या तुकड्यावरच्या सहा शेळ्या कोण बघणार, असा प्रश्न आला. ह्यांनी सरळ सांगितलं, चुलतभावाला देऊन टाकू. ताई आडव्या आल्या. तीस वर्षं शिवणाचं दुकान चालवलेली, एकटी, हट्टी बाई. "शेळ्या गेल्या की बाबा भिंतीकडे तोंड करून पडतील, मग त्यांना उठवायला कोण येणार?" असं म्हणून त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि शिलाई मशीन उचलून बाबांच्या घरी आणलं. ह्यांनी एक महिना दिला. त्यात एक जरी जनावर दगावलं तर शेळ्या जाणार. आज चोविसावा दिवस होता.

"कोण आलंय?" बाथरूममधून आवाज आला.

"ताई. ब्लाउजचं माप घ्यायला," मी म्हणाले. करडू तोवर ओट्याखाली, माझ्या जुन्या स्वेटरमध्ये.

हे गेल्यावर मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, तोंडात बोट घालून बघा. बघितलं. तोंड गार होतं. "मग आधी ऊब द्या, दूध नंतर. गार पोटात दूध ओतू नका. आई पाजतेय ना त्याला?"

मी ताईंकडे बघितलं.

"कशी पाजेल?" ताई म्हणाल्या. "पिशवी आहे ना."

पिल्लांनी सगळं दूध संपवू नये म्हणून रात्री शेळीच्या कासेला कापडी पिशवी बांधतात, एवढं मलाही माहीत होतं. "पण सकाळी सोडता ना?"

"धार काढायला सोडते, लगेच बांधते. संध्याकाळी पुन्हा तेच. बाबा म्हणाले, बांध. मी बांधली."

"तीन दिवस?"

"तीन दिवस. दूध किती वाढलंय बघितलंस ना?"

मी गॅसवरच्या पातेल्याकडे बघितलं आणि गॅस बंद केला. त्या करडाच्या वाटचं दूध साय धरत होतं. चिडायचं कुणावर? तीन दिवस मीच तर म्हणत होते, ताई, तुमचा हात जनावराला चांगला लागतोय.

गरम पाण्याची पिशवी, स्वेटर, चोळणं. अर्ध्या तासाने करडाचं तोंड कोमट झालं, तसं आम्ही गल्ली ओलांडून गोठ्याकडे धावलो. बाबांची खाट गोठ्याकडच्या खिडकीशी. ते उशीवर रेलून बसलेले, तोंड तयार.

"काय झालं?"

"काही नाही," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

शेळी उभी होती. तिच्या अंगावरची पिशवी मी पहिल्यांदाच बघितली आणि हसावं की रडावं कळेना. अस्तर लावलेली. कडेला इलास्टिक. पाठीवरून दोन आणि मागून दोन अशा चार नाड्या, आणि सडांसाठी बेताच्या चुण्या. ताईंनी शेळीला उभं करून, मोजपट्टी लावून, दोन वेळा ट्रायल घेऊन ती शिवली होती. असली पिशवी तीन आठवड्यांच्या पिल्लाने काय, मी ओढली तरी हलली नसती.

"अगं, शेळी आहे ती," खिडकीतून बाबा म्हणाले. "नवरी नाही."

ताईंनी नाड्या सोडल्या. दुसऱ्या शेळीचीही पिशवी काढली. तिचं पिल्लू थोरलं, चारा खाणारं, म्हणून तगलं होतं. करडू आईखाली धरलं, सड त्याच्या तोंडात दिला. ते नुसतं बघत राहिलं. मी दोन थेंब त्याच्या जिभेवर पिळले. पुन्हा दोन. मग एकदम त्याने डोकं वर मारलं, चोखलं, आणि इवलीशी शेपटी हलायला लागली.

"बाबा," मी जरा चढ्याच आवाजात म्हणाले, "सकाळी धार काढल्यावर पिशवी सोडूनच ठेवायची असते, हे तुम्ही ताईंना सांगितलं नाहीत?"

बाबांनी खरोखर विचार केला. "त्यात सांगायचं काय? माझी पिशवी पहाटेपर्यंत आपोआप गळून पडायची. चाळीस वर्षं. गोणपाटाची आणि सुतळीची."

"म्हणजे तुम्ही कधी सोडलीच नाही?"

"कधी वेळच आली नाही. बघून शिकायचं असतं हे सगळं."

"कुणाला बघून?" ताई म्हणाल्या. "तुम्ही खाटेवर, मी गोठ्यात. शेळीला बघून?"

"सकाळी दूध काढताना पिल्लं ओरडत नव्हती का?"

"ओरडत होती. तुम्हीच म्हणालात, पिल्लं ओरडतातच."

बाबा खिडकीतून मान लांब करून करडाकडे बघायला लागले. करडू पोटभर प्यायलं आणि आईच्या पायात आपटून तिथेच बसलं. ताईंनी दोन्ही पिशव्यांच्या घड्या घातल्या, कमरेला खोचल्या आणि ओले हात पुसत खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. रागावलेल्या नव्हत्या. थकलेल्या होत्या.

"बाबा," त्या म्हणाल्या, "यापुढे बांध म्हणाल तेव्हा सोडायचं कधी, तेही सांगत जा."