सोलेभाताचं पथ्य

"तिलेच इचार ना, थे इंग्रजीत शिकली हाय," भिंतीपलीकडून शेजारचे काका काकूंना म्हणाले. अलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या मला कळलं, 'ती' म्हणजे मीच.

काकू लगेच आल्या. हातात नागपूरच्या दवाखान्याचा रिपोर्ट. आधी त्यांनी पदराने खुर्ची पुसली, आमचीच. वणीत कोळशाची धूळ सगळ्यांच्याच घरात बसते, पण दुसऱ्याची खुर्ची पुसून बसणाऱ्या काकू एकट्याच. मग नेहमीचं वाक्य: "हां, मले समजीन असं सांग."

तुमच्याही शेजारी अशी एखादी बाई असेल. वॉशिंग मशीनची बटणं, औषधांची पाकिटं, बँकेचे मेसेज, सगळं त्या माझ्याकडे आणायच्या. मी चार शब्द बोलून गप्प व्हायची. "बोलतं त बरं बोलतं," त्या म्हणायच्या, "पन तोंडाले पैसे पडल्यावानी बोलतं."

आता त्या उपचारासाठी नागपूरला मुलाकडे असतात. आमची खुर्ची कोणी पुसत नाही.

त्या दिवशी रिपोर्ट होता स्तनातल्या गाठीचा. मी बायोटेक्नॉलॉजी शिकलेली. पेशीच्या अंगावरचं एक प्रोटीन बाहेरचा निरोप घेतं, आतल्या दुसऱ्याला देतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटी पेशी वाढायला लागते. परीक्षेत हे सगळं मी बाण काढून दाखवलं होतं. काकूंसमोर बाण कुठे काढणार?

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"एक प्रोटीन लय वाढलं म्हने. त्याच्यानंच गाठ वाढून राह्यली."

"बरोबर आहे. ते सारखं 'वाढ, वाढ' असा निरोप आत पाठवतं."

"मंग त्याले थांबवाले कोनी नाही का आत?"

"असतं. तेही प्रोटीनच."

"आं?"

"आणि तुम्हाला जे इंजेक्शन देणार आहेत, तेही प्रोटीनच आहे."

काकूंनी बोटांवर मोजलं. "वाढवनारं बी थेच, थांबवनारं बी थेच, अन् सुई बी त्याचीच? काय बाप्पा!" त्या हसल्या. मीही हसले. खरं तर आम्हा दोघींनाही हसू येण्यासारखं काही नव्हतं.

हिवाळ्यात काकूंच्या शेतातली तूर भरली. दरवर्षी त्या हिरव्या शेंगांतले सोले, म्हणजे कोवळे दाणे, काढून गल्लीतल्या बायकांना अंगणात सोलेभात घालतात. यंदा किमो चालू होती, तरी डोक्याला रुमाल बांधून त्यांनी पंगत बसवलीच. "वाढ वं तिले अजून, थे लाजते," असं माझ्याकडे बोट दाखवून झालं. स्वतःच्या ताटात मात्र कोरा भात.

"काहून वं, तू नाही घेत?" एकीने विचारलं.

"मले पथ्य हाय."

पथ्य म्हटलं की आमच्याकडे पुढे कोणी विचारत नाही. पण त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. वजन उतरलं, अंगात ताकद नाही, म्हणून डॉक्टरांनी पुढची किमो लांबवली होती. हे काकांनी सकाळीच माझ्या आईला सांगितलं होतं.

"पथ्य कोणी सांगितलं?" मी त्यांच्या कानाशी विचारलं.

"सांगाले कायले पायजे? प्रोटीन वाढलं त प्रोटीन बंद. दाळ, अंडे, सोले, सगळं सोडलं. खायालेच नाही भेटलं त गाठ वाढीन कुठून?" आवाजात भीती नव्हती. वाहता नळ वेळेवर बंद केल्याचं समाधान होतं.

मी घास ताटात ठेवला. ते प्रोटीन वेगळं, असं म्हणणार होते, पण अडले. डाळीतलं प्रोटीन पोटात तुटतं आणि त्याच तुकड्यांतून प्रत्येक पेशी आपलं प्रोटीन बनवते, गाठीतलीसुद्धा. मग काकूंचं चुकलं कुठे? आणि चुकलं नाही, तर त्या अशा वाळत का चालल्या? एकदम लक्षात आलं, ताटातलं मिळालं नाही तर गाठ त्यांच्या अंगातलं घेणार होती. घेतच होती. किमो मात्र लांबत होती.

काकू उठून सगळ्यांना हवं-नको विचारून आल्या आणि पुन्हा माझ्यापाशी आपल्या ताटावर बसल्या. मी पातेल्यातून सोलेभात घेऊन त्यांच्या ताटात वाढला. बायका माझ्याकडे बघू लागल्या. इतक्या जणींसमोर मी कधी बोलले नव्हते, आणि त्यांच्या बोलीत तर कधीच नाही.

"मले बी सगळं नाही समजलं, काकू. पन उपाशी थे गाठ नाही, तुम्ही राहून राह्यल्या. खा."