मेडशीतली तबकडी

सत्तरच्या दशकात वाशीमला मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली. ज्यांच्या घरात मी खोली घेतली, त्या माई एकेकाळी नाटकात गात असत. बायकांनीच चालवलेल्या एका मंडळीत त्या लहानपणी गेल्या आणि ऐन तारुण्यात नायिका झाल्या. मंडळी वऱ्हाडात दौऱ्यावर आली तेव्हा वाशीमच्या एका वकिलांनी त्यांना मागणी घातली. अट एकच, लग्नानंतर गाणं बंद. माईंनी ती कबूल केली आणि पाळली. मी राहायला गेले तेव्हा वकील जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण माईंना साधं गुणगुणतानाही मी कधी ऐकलं नाही.

लग्नाआधी मुंबईत त्यांची एक तबकडी निघाली होती. तिच्याबद्दल मात्र त्या बोलत.

"भिंतीतून भलामोठा कर्णा बाहेर आलेला. त्याच्यात तोंड घालून गायचं. आवाज चढला की एक माणूस खांद्याला धरून मला मागे ओढायचा."

त्यांच्याजवळची तबकडी सासरी कुणीतरी देऊन टाकली होती.

माझ्या शाळेतली एक शिक्षिका मेडशीची. तिच्या माहेरी जुना फोनो आणि नाटकातल्या गाण्यांच्या तबकड्या आहेत असं कळल्यावर मी तिला माईंच्या गाण्याचे शब्द सांगितले. दिवाळीला माहेरी जाऊन आल्यावर ती म्हणाली, "आहे ना बाई ते गाणं. माह्या आज्यानं आणलं होतं. घेऊन या त्याइले."

एसटीत खिडकीशी बसल्यावर माई म्हणाल्या, "मला माझं गाणं नाही ऐकायचं, पोरी. तंबोऱ्यावर माझी आई होती. एका तानेला तिच्या तोंडून 'वा' निघून गेलं. यंत्रावरचा साहेब चिडला, पण तबकडी तशीच निघाली. आईचा फोटो नाही माझ्याजवळ. काहीच नाही."

मेडशीला शिक्षिकेच्या वहिनीने फोनो ओसरीवर आणून ठेवला होता. तिने चावी भरली, सुई टेकवली. आधी नुसती खरखर. मग एका मुलीचा आवाज आला, बारीक, घाईघाईचा, वेळ संपायच्या आत सगळं सांगून टाकणारा. माई मान खाली घालून ऐकत होत्या. तान वर गेली आणि तिच्या शेवटाला, कुणी शेजारी बसून बोलावं तसं, भरड आवाजात "वा" आलं.

माईंनी फोनोच्या लाकडावर हात ठेवला.

"पुन्हा लावता का?"

"लावतो ना माई. कायले विचारता?"

वहिनीने सुया बदलून बदलून ते गाणं कितीतरी वेळा लावलं. निघताना ती म्हणाली, "घेऊन जा तबकडी. आमच्या घरी कोन ऐकते आता?"

माईंनी जरा विचार केला. "माझ्याकडे फोनो कुठे आहे? फडताळात मुकी ठेवून काय करू तिला? इथे कुणी लावील तरी."

फाट्यावर कडुलिंबाखाली आम्ही एसटीची वाट पाहत उभ्या होतो. दोन्ही बाजूंना तूर फुलावर आली होती. माईंनी तुरीकडे पाहत एक अंतरा हळू म्हटला. आवाज फुटत होता, पण सूर जागच्या जागी पडत होते.

"हा तबकडीत नव्हता," मी म्हटलं.

"मावला नाही."

"पुढचं म्हणा ना."

"एसटी आली बघ," त्या म्हणाल्या. ती खरंच आली होती.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी अकोल्याला गेले. माई वारल्याचं त्या शिक्षिकेकडून कळलं. तिने आणखी एक सांगितलं. माझ्या लग्नानंतर माई एकदा एकट्याच मेडशीला गेल्या होत्या. फोनोची स्प्रिंग तेव्हा तुटलेली होती आणि गावात दुरुस्त करणारं कुणी नव्हतं. वहिनीने तबकडी काढून हातात दिली. माई ती मांडीवर घेऊन दुपारभर ओसरीवर बसल्या आणि संध्याकाळच्या एसटीने परत गेल्या.