म्हसवडची टोपी

टोपीअण्णांना एखादी टोपी मागितल्याबरोबर मिळाली, की त्यांचा चेहरा पडायचा. टोपी म्हणजे साधीसुधी नव्हे. भेंडाच्या हलक्या गाभ्याची, वरून खाकी कापड ताणलेली, रुंद काठाची जुनी लष्करी सोला हॅट. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे आज्या-पणज्यांच्या अशा टोप्या माळ्यांवर धूळ खात पडलेल्या. अण्णा त्या मागून आणायचे आणि आपल्या खोलीत खुंट्यांवर टांगून ठेवायचे.

मी लग्न होऊन आले त्या वर्षी ते आमच्या आजेसासऱ्यांची टोपी मागायला आले. ती माळ्यावर उताणी होती आणि तिच्यात सासूबाईंची कोंबडी अंड्यांवर बसलेली.

"आवं अण्णा, कोंबडी उठवू व्हय आता?" सासूबाई म्हणाल्या.

"छ्या छ्या, वैनी! पिल्लं निघू द्या. मी येतो की चौकशीला."

मग रोज संध्याकाळी चौकशी. चौकशी दोन शब्दांची, चहा मात्र दोन कप. शेवटी पिल्लं निघाली. सासूबाईंनी टोपी झटकून त्यांच्या हातात दिली. अण्णा ती उलटसुलट करत उंबऱ्यातच रेंगाळले आणि म्हणाले, "पुन्ना कवा बसंल वो कोंबडी?" आम्ही दोघी खूप हसलो. पण माझा नवरा तेव्हा सीमेवर होता, घर खायला उठायचं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा आले नाहीत तेव्हा मलाच चुकल्यासारखं झालं.

त्यांच्या बरोबरीची पोरं एकाच भरतीत निघून गेली होती. अण्णांची छाती भरली नाही. पुढे लग्नाचंही राहूनच गेलं. इतक्या टोप्या जमवल्या, पण एकही त्यांनी स्वतःच्या डोक्यावर ठेवली नाही. "ज्यांनी ऊन सोसलं त्यांच्या त्या. आमी सावलीतली माणसं," म्हणायचे. आणि दुसरं एक वाक्य त्यांच्या तोंडी नेहमी असायचं, "काम न्हाई तर कुणाच्या दारात कसं जायचं?"

म्हसवडला एका एकट्या म्हाताऱ्याकडे त्याच्या बापाची टोपी होती. तिच्यासाठी अण्णा वर्षानुवर्षं एसटीनं खेपा घालत आणि रिकाम्या हातानं, पण खुशीत परतत. "लय अवघड मानूस हाय. म्हनला, फुडल्या खेपंला बघू!" सासूबाई चिडवायच्या, "तुमी टोपीला जाताय का सोयरीक जुळवायला?"

पुढे गावात जुनी घरं पाडून स्लॅब पडले, माळे गेले, मागायला टोप्याच उरल्या नाहीत. सासूबाई गेल्या, नवरा निवृत्त झाला आणि आम्ही सांगलीत विश्रामबागला राहायला आलो. एका दुपारी दारात अण्णा. हातात उशीचा अभ्रा आणि त्यात आमच्या आजेसासऱ्यांची टोपी.

"तुमची वस्तू तुमाला," ते म्हणाले. "पर भेंडाला कसर लागती. अधनंमधनं येऊन बघाय पायजे मला."

नवरा म्हणाला, "अण्णा, टोपी नसली तरी येत जावा की." अण्णा नुसते हसले. टोपी आम्ही हॉलमध्ये टांगली. ते यायचे, ती काढून आतून बघायचे, "हाय झ्याक" म्हणायचे आणि मग चहाला बसायचे. तिला कधीच कसर लागली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. बाराव्याला आम्ही गावी गेलो, तर खोलीतल्या सगळ्या खुंट्या रिकाम्या! बोलता बोलता उलगडा झाला. त्यांनी एकेक टोपी ज्याच्या त्याच्या घरी परत नेऊन दिली होती. सगळ्यांना कसरीचंच कारण, आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपलीच तेवढी दिली. मला तिथं रडू आवरेना.

पंगती उठल्यावर एक वाकलेला म्हातारा काठी टेकत आला. म्हसवडचा. पिशवीतून त्यानं टोपी काढली, हातरुमालानं पुसली आणि एका खुंटीला अडकवली.

"बाबा, इतकी वर्षं का दिली नाहीत?" नवऱ्यानं विचारलं.

"दिऊन मोकळा झालो असतो, तर त्यो परत कशाला आला असता?"

मी उठले, टोपी खुंटीवरून काढली आणि त्यांच्या हातात परत दिली. म्हटलं, "आज नको, बाबा. आम्ही येतो म्हसवडला मागायला."

ते टोपी सावकाश पिशवीत घालत म्हणाले, "लवकर देनार न्हाई हां, पोरी."